ती झाडी भरतीची नाही

नमस्कार. सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल आभार. जर्मन चित्रकार ड्यूररच्या १५०४ सालच्या ‘अॅडम आणि ईव्ह’ या काळ्या-पांढऱ्या छापचित्राबद्दल तुमचे आक्षेप दोन. मांजर, उंदीर, ससा ही मागची जागा भरायला काढलेली जनावरं, त्यांत मी उगाच अर्थ शोधते; आणि रंगच नाही तर बाग बहरलेली कशी म्हणायची?

जागा भरल्याचं मला अजिबात पटत नाही. हे कुंचल्याचं काम नव्हे. तांब्याच्या पत्र्यावर पोलादी टोकाने एकेक रेघ कोरलीय, तीही उलटी, कारण छापताना डाव्याचं उजवं होतं. रविवार पेठेत भांड्यावर नाव घालताना हात घसरला की काय होतं, हे आपण पुणेकर जाणतो. मग एवढं जंगल कुणी उगाच कोरेल? शिवाय काम अर्धवट असतानाचे कच्चे छाप व्हिएन्नाच्या आल्बर्टिना संग्रहालयात आहेत. त्यांत झाडी बरीचशी पुरी झालीय आणि माणसं जवळजवळ नुसत्या बाह्यरेषेत आहेत. आधी बाग, मग माणसं!

आता मांजर पुन्हा बघा. ते ईव्हच्या पायांशी अंग मुडपून बसलंय. उंदीर पलीकडे, अॅडमच्या पावलापाशी, आणि तरी मांजर झडप घालत नाही. वर सापाच्या तोंडातलं फळ ईव्हच्या हातात येतंय. बायबलच्या कथेत ते फळ खाल्लं की बागेतली शांती संपते. ते अजून खाल्लेलं नाही, म्हणून उंदीर जिवंत आहे. उजवीकडे वर, दूरच्या कड्याच्या अगदी टोकावर एक रानबोकड उभा आहे; तो पहिल्या नजरेत दिसतही नाही.

चित्रातला एल्क (मोठं हरीण) उदास, बैल सुस्त, ससा विलासी, मांजर क्रूर, म्हणजे प्रत्येक जनावर माणसाच्या एका स्वभावाचं, ही मांडणी विसाव्या शतकातले कलेतिहासकार पॅनॉफ्स्की यांची. ती तुम्ही नाकारलीत तर मी भांडणार नाही. ती वाचून कळते. मांजर-उंदीर मात्र डोळ्यांना दिसतात.

राहिला रंग. ड्यूरर काळ्या रेघांत सगळं उभं करतो, वर रंग चढवला तर कामाचं नुकसानच होईल, असं ड्यूररच्या काळातल्या इरॅस्मस या विद्वानाने १५२८ मध्येच म्हटलंय. मूळ छाप जेमतेम २५ सेंमी उंचीचा. तुम्ही मोबाइलवर पाहिलात, तर एकदा मोठ्या पडद्यावर झूम करून बघा. सालीवरच्या रेघा लांब, खरबरीत. ईव्हच्या पोटावर त्याच इतक्या बारीक होतात की शेवटी नुसते ठिपके उरतात. आणि मागे रेघांवर रेघा चढून इतकी दाट जाळी होते की त्या काळोखातून दोन्ही देह उजळून पुढे येतात. मग रंग नेमका कुठे कमी पडला, ते जरूर लिहा. मला ते खरंच वाचायचंय.