फासावरून तारीख

परवा माझी फाशी अर्धवट राहिली. राग अजून उतरलेला नाही.

मी दिवाणी वकील. कोर्टाला सुट्टी असली की धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात जुने कागद चाळतो, त्यावर लिहितो, आणि कुणी बोलावलं तर त्या कागदांतलाच एखादा माणूस होऊन स्टेजवर उभा राहतो. सध्या मी थाळनेरचा किल्लेदार तुळशीराम मामा. मंदसोरच्या तहात होळकरांनी थाळनेर इंग्रजांना दिलं, पण गडी किल्ला सोडेना. 27 फेब्रुवारी 1818 ला सर थॉमस हिस्लॉप तोफा घेऊन आला. दरवाजातल्या गोंधळात मेजर गॉर्डन आणि कॅप्टन मॅकग्रेगर मारले गेले, मग शिबंदीची, म्हणजे किल्ल्यातल्या शिपायांची, कत्तल झाली आणि किल्लेदार त्याच दिवशी फासावर. ना आरोप, ना साक्षीपुरावा, ना बाजू मांडायची संधी. ती संधी मी त्याला शेवटच्या स्वगतात देतो. सगळा खेळ त्या स्वगतासाठीच.

तर तापीकाठचं एक गाव, उकाडा असा की दाढीचा गोंद ओघळून अंगरख्यात. गळ्यात दोर. मी तोंड उघडलं, तोच पहिल्या रांगेतून एक आप्पा उठले आणि काखेत प्लास्टिकची पिशवी मारून थेट स्टेजवर चढले. माझेच पक्षकार. बांधाचा दावा.

"वकीलसाहेब, मन्ही तारीख कवय शे?"

"आप्पा, खाली बसा. मला फाशी होतेय."

"तेच ते! तुम्ही मरी ग्यात ते मन्हा बांधनं काय व्हई?"

माईक चालू. पब्लिकनं शिट्ट्या मारल्या; इतका वेळ माझ्या शौर्याला एकही आली नव्हती. समोरच्या पार्टीने मुदत मागितली आहे, मोजणीचा नकाशा यायचा आहे, हे मी दोराच्या आतूनच सांगितलं. आप्पांचं समाधान झालं, पण आता त्यांना माझ्या केसमध्ये रस वाटू लागला. फाशी कुणी दिली? कोणत्या कोर्टाने? कोर्टच नव्हतं म्हटल्यावर ते खवळले.

"मंग अपील करा ना!"

"दोनशे वर्षं झाली, आप्पा."

"मुदत सरनी का? मन्हा टाइमले तुम्ही उशीर माफीना अर्ज टाका होता!"

मुदत कायद्याचं कलम 5. अर्ज मीच टाकला होता, मंजूरही झाला होता. पब्लिकसमोर काय सांगणार? म्हटलं, 1819 मध्ये ब्रिटिश संसदेत हिस्लॉपच्या फौजेच्या आभाराचा ठराव आला, तेव्हा थाळनेरवरून तिथेही वाद झाला. ठरावात हे प्रकरण बाजूला ठेवावं लागलं.

"म्हंजे निकाल राखी ठेवा," आप्पांनी गावाला समजावलं.

एवढ्यात गाड्यांचा धुरळा. प्रमुख पाहुणे! निवेदकाने माझ्या हातातला माईक काढून घेतला आणि मला आप्पांसकट विंगेत ढकललं. पाहुणे पाऊण तास बोलले. थाळनेरची लढाई त्यांनी पानिपतावर नेली, तिथून आपल्या पाणीयोजनेवर आणली. मी दाढी हातात घेऊन ऐकत होतो. हिस्लॉपने निदान गळचेपी उघडपणे तरी केली.

मग शाल, श्रीफळ, फोटो. डीजेवाला आगाऊ पैसे मोजून घेतो, जनरेटरवाला डिझेलसकट घेतो. फासाच्या दोराचंसुद्धा भाडं मंडपवाल्याला मिळालं. त्यात लटकणाऱ्याला नाही. वर म्हणतात, "साहेब, तुमचा तर छंदच आहे." महिनोन्महिने मोडी वाचून डोळे जातात, त्याचा छंद झाला. पेट्रोल माझं, अंगरख्याचं भाडं माझं. घरी शालींचं कपाट बंद होत नाही आता.

सोमवारी आप्पा बार रूममध्ये आले. मी राहिलेल्या फीची आठवण दिली.

"त्या दिनले तुमले काय दिधं?"

"शाल."

आप्पांनी शांतपणे पिशवी उघडली. मला वाटलं, नोटा काढतील. घडी घातलेली, किमतीचं लेबल असलेली शाल निघाली.