एमआरपी सरकार ठरवत नाही: 999 च्या केबलचा हिशेब

‘एमआरपी सरकार ठरवतं. म्हणून 999 ची चार्जिंग केबल 299 ला मिळाली तर 700 रुपये वाचले. आणि एमआरपी जास्त म्हणजे माल चांगला.’ व्हॉट्सअ‍ॅपवर सतत फिरणाऱ्या या तिन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

सरकार ठरवतं? नाही. छापील किंमत उत्पादक, पॅकिंग करणारा किंवा आयातदार स्वतःच ठरवतो. कायदा एवढंच सांगतो की ती सर्व करांसह छापा आणि तिच्यावर एक रुपयाही घेऊ नका. अनुसूचित, म्हणजे सरकारी यादीतल्या, औषधांना सरकार कमाल किंमत बांधून देतं. केबल, गादी, मिक्सर यांना नाही.

700 वाचले? वाचायला 999 ही किंमत कधी कुणी मोजलेली असावी लागते. ती फुगवून छापायला कंपनीला खर्च येत नाही, कारण बहुतेक वस्तूंवर जीएसटी लागतो तो प्रत्यक्ष विक्रीच्या किमतीवर. 30 जून 2017 पर्यंत तसं नव्हतं. तेव्हा अनेक वस्तूंवरचं उत्पादन शुल्क छापील किमतीतून ठरावीक टक्के वजा करून आकारलं जाई; आकडा वाढवला की शुल्कही वाढे. तो लगाम गेला.

299 मध्ये 18 टक्के दराने जीएसटीच 45 रुपये 61 पैसे. उरलेल्या 253 मध्ये विक्रीचं कमिशन, कुरिअर, परत आलेला माल, जाहिरात, नफा, आणि मग केबल. कात्री लागते ती बहुधा केबललाच.

जास्त एमआरपी, चांगला माल? छापील किमतीवरून आतली तार कळत नाही; केबल सोलूनच बघायला हवी. एक मीटरच्या केबलमध्ये वीज नेणाऱ्या दोन तारा असतात. गेज हे तारेच्या जाडीचं माप; आकडा मोठा तितकी तार बारीक. त्या 28 गेजच्या असल्या तर जाऊन-येऊन रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, सुमारे 0.426 ओहम. 2 अँपिअर ओढले की 0.85 व्होल्ट वाटेतच जातात; 5 चे फोनपाशी 4.15 उरतात. मग फोन करंट कमी करतो आणि चार्जिंग रखडतं. 24 गेजच्या तारांत हीच घट 0.34 व्होल्ट. दोन्हींतल्या तांब्याचा फरक सव्वादोन ग्रॅम. तांबं किलोला हजार रुपये धरलं तर सव्वादोन रुपये! ग्राहकाला त्रास होतो तो एवढ्यासाठी. तांब्याचा नुसता मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची तार असेल तर घट आणखी वाढते, आणि पिनजवळ वाकून वाकून ती तुटतेही लवकर.

म्हणून घेताना खोडून दाखवलेल्या एमआरपीकडे बघू नका, आवरणावरचा गेज वाचा. ‘28/24’ असं छापलेलं असेल तर दुसरा आकडा वीज नेणाऱ्या तारांचा. तो जितका लहान तितकी तार जाड. छापलेलं नसेल तर फोनच्या बाजूला व्होल्ट दाखवणारा यूएसबी मीटर लावा. 5 व्होल्टच्या साध्या चार्जरवर, बॅटरी निम्म्याखाली असताना आकडा साडेचारच्या खाली गेला आणि जाड केबल लावल्यावर वर आला, तर दोष केबलचा. परत करण्याची मुदत संपायच्या आत ती परत करा.