व्यायामाचे कपडे, उकळते पाणी आणि कुबट वास : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

व्यायामाचे कपडे कसे धुवावेत या माझ्या लेखावर आपण मोकळेपणाने आणि सविस्तर लिहिलेत, त्यामुळे दोन ओळींत आभार मानून विषय संपवणे मला बरे वाटले नाही. आपले म्हणणे थोडक्यात असे : कपडे उलटे करून, साध्या किंवा कोमट पाण्यात, बेताच्या पावडरीत धुवावेत आणि सावलीत वाळवावेत, हा सल्ला वॉशिंग मशीन आणि ऐसपैस बाल्कनी असणाऱ्यांसाठी आहे. आपण लालबागच्या व्यायामशाळेत घडलात. तिथले लंगोट आणि बनियन आपल्या मातोश्री उकळत्या पाण्यात घालून, वडीने घासून, धोपटून धूत असत आणि त्यांना कधी वास आला नाही. आजही गरम पाणी, जंतुनाशकाचे एक टोपण आणि कडक ऊन एवढे पुरते, आणि मुंबईच्या पावसाळ्यात कपडे सावलीत वाळवायला सांगणे ही निव्वळ थट्टा आहे. असे लेख महागडी द्रावणे खपवण्यासाठी लिहिले जातात, असेही आपण जाता जाता सुचवले आहे. त्या शेवटच्या मुद्द्यापुरते सांगतो की लेखात एकाही कंपनीचे नाव नव्हते आणि या उत्तरातही नसेल.

आपल्या मातोश्रींची पद्धत सुती कापडासाठी उत्तमच होती. सूत उकळते पाणी सोसते, घासणे सोसते, आणि पाणी धाग्याच्या आतपर्यंत शिरत असल्याने मळ सोडतेही. परंतु आज शिवाजी पार्कला फेऱ्या मारणाऱ्यांच्या किंवा जानेवारीतल्या मॅरेथॉनला उतरणाऱ्यांच्या अंगावर बहुतेक वेळा सूत नसतेच. पॉलिएस्टर किंवा नायलॉन आणि त्यात ताण यावा म्हणून मिसळलेले इलास्टेन असते. साधारण 65 टक्के आर्द्रतेच्या हवेत सूत आपल्या वजनाच्या 8 टक्क्यांच्या आसपास ओलावा धरून ठेवते, नायलॉन 4 टक्क्यांच्या आसपास, तर पॉलिएस्टर जेमतेम 0.4 टक्के. पाण्याशी असा फटकून वागणारा हा धागा तेलाशी मात्र चटकन सलगी करतो. त्वचेतून सुटणारा स्निग्धांश त्याला चिकटून राहतो, आणि नुसते पाणी, मग ते कितीही गरम असो, त्या तेलकट थरावरून निघून जाते.

वासाचे मूळ इथे आहे. ताज्या घामाला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. त्यातले आणि त्वचेवरचे स्निग्ध पदार्थ जिवाणू फोडतात तेव्हा तो निर्माण होतो. बेल्जियममधील गेन्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 26 निरोगी व्यक्तींना जोरदार सायकलिंग करायला लावून त्यांचे टी-शर्ट 28 तास तसेच ठेवले आणि मग तपासले. पॉलिएस्टरच्या टी-शर्टांचा वास सुती टी-शर्टांपेक्षा अधिक तीव्र आणि अप्रिय ठरला, आणि काखेत फारसे न आढळणारे मायक्रोकॉकस जातीचे जिवाणू पॉलिएस्टरवर मात्र जोमाने वाढलेले दिसले. तेव्हा लालबागच्या लंगोटाला वास येत नव्हता आणि आपण लिहिता तसा आपल्या नातवाच्या टी-शर्टाला येतो, यात धुणाऱ्याच्या मेहनतीचा दोष नाही. कापड बदलले आहे.

आता जंतुनाशकाच्या टोपणाविषयी. त्याने त्या वेळचे जिवाणू बऱ्याच अंशी मरतील हे खरे, पण त्यांचे खाद्य असलेला तेलकट थर कापडावर तसाच राहतो, आणि पुढच्या वेळी कपडा अंगात घालताच आपल्याच त्वचेवरून नवी वस्ती तिथे येते. धुऊन कोरडा झालेला टी-शर्ट हातात घेतला तर वास नाही आणि दहा मिनिटे पळाल्यावर काखेतून जुनाच वास उठतो, हा अनुभव अनेकांना येतो तो यामुळेच. काढायचा आहे तो स्निग्धांश, आणि ते काम साबणकणांचे आणि एन्झाइमचे आहे. लायपेज हे एन्झाइम चरबी फोडते आणि प्रोटिएज प्रथिने. किराणा दुकानातल्या मध्यम किमतीच्या अनेक पावडरींच्या पुड्यांवर घटकांत एन्झाइमचा उल्लेख असतो, तेवढा पाहून घ्यावा; ‘स्पोर्ट्स’ अशी चिठ्ठी लावलेली वेगळी बाटली घेण्याची मला गरज वाटत नाही. एन्झाइमला कोमट पाणी आणि अर्धा-पाऊण तास लागतो. उकळत्या पाण्यात ते निकामी होते, म्हणजे पाणी उकळून आपण त्याच पावडरीतला सर्वांत उपयोगी भाग वाया घालवतो.

उकळत्या पाण्याचे दुसरे नुकसान इलास्टेनला होते. 1958 मध्ये ड्यूपाँ कंपनीत जोसेफ शिव्हर्स यांनी घडवलेला हा धागा बराच ताणला तरी मूळ लांबीवर येतो, पण फार उष्णता आणि क्लोरीनचे ब्लीच त्याला मानवत नाही. पट्टा सैल पडतो आणि तुमान गुडघ्याशी ढगळ होते. कपड्याच्या आतल्या शिवणीतली पांढरी चिठ्ठी एकदा उजेडात धरून पाहावी : टबाच्या चित्रात बहुधा 30 किंवा 40 लिहिलेले असते, फुली मारलेला त्रिकोण म्हणजे ब्लीच नको, आणि चौकोनाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात दोन तिरप्या रेघा म्हणजे सावलीत वाळवा. सावलीचा सल्ला माझ्या पदरचा नाही, तो या चिठ्ठीवरचा आहे.

कपडे मऊ करणारे सुगंधी द्रावण मात्र अजिबात नको, कारण ते धाग्यावर मेणचट लेप ठेवते, घाम टिपण्याची क्षमता त्याने कमी होते, आणि जो थर काढायचा त्यावर आणखी एक चढतो. खायचा सोडा आणि व्हिनेगर एकाच बादलीत घालण्याचा उपायही आपण लिहिला आहे. फेस छान येतो, पण दोघे एकमेकांना मारून टाकतात आणि बादलीत क्षारयुक्त पाणी उरते. ब्लीचमध्ये व्हिनेगर तर कधीच घालू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो.

मशीन नसलेल्या घरात हे कसे जमायचे, हा आपल्या प्रतिक्रियेतला खरा प्रश्न आहे, आणि माझ्या मते बादलीच यासाठी अधिक सोयीची आहे. सकाळी तासभरच पाणी येत असेल तर व्यायामानंतर आंघोळीला बसताना अंगावरचे कपडे मोरीतच उलटे करून दोन तांबे पाण्याने खळबळून घ्यावेत. मीठ आणि ताजा घाम तिथेच निघून जातो आणि कपडे संध्याकाळपर्यंत दोरीवर थांबू शकतात. जे पहाटे मरीन ड्राइव्हवर पळून तिथूनच कचेरी गाठतात आणि रात्री बोरिवलीच्या लोकलने घरी परततात, त्यांचा ओला टी-शर्ट प्लास्टिकच्या पिशवीत दहा-बारा तास कोंडलेला असतो. नंतरच्या कोणत्याही धुण्यापेक्षा हे दहा-बारा तास अधिक महत्त्वाचे आहेत. त्यांनी जाळीची किंवा कापडी पिशवी वापरावी आणि शक्य असेल तर टी-शर्ट कचेरीतल्या एखाद्या खुंटीवर टांगावा. लाज वाटण्यासारखे त्यात काही नाही.

धुताना अर्धी बादली कोमट पाण्यात सपाट चमचाभर पावडर पूर्ण विरघळवून मगच कपडे भिजत घालावेत. मुंबईला तलावांत साठलेल्या पावसाचे पाणी येते, ते बऱ्यापैकी मृदू असते, त्यामुळे जास्त पावडरीने कपडे अधिक स्वच्छ होत नाहीत, फक्त खळबळायला जास्त पाणी लागते. टँकरचे किंवा बोअरचे जड पाणी असेल तर थोडी अधिक घालावी. वडीने आणि ब्रशने घासू नये. वडीत भर म्हणून घातलेली खनिज पूड विणीत अडकते आणि ब्रशने कापडावर गोळे येतात. काख, मानेची पट्टी आणि कमरेचा पट्टा हाताने चोळले की पुरे.

राहिला पावसाळा. सावलीत म्हणजे बंद खोलीत नव्हे. जुलैत हवेतली आर्द्रता अनेकदा 85 टक्क्यांच्या पुढे असते, अशा वेळी कपडा हवेच्या झोताने वाळतो, आणि जितका उशीर लागेल तितका कुबट वास वाढतो. या वासामागे मोराक्सेला ऑस्लोएन्सिस नावाचा जिवाणू असल्याचे जपानी संशोधकांनी 2012 मध्ये दाखवून दिले. इथे मात्र पॉलिएस्टरचा दोष गुण ठरतो : त्याच्या धाग्यात पाणी शिरत नाही, ते फक्त विणीत अडकलेले असते, आणि ते दाबून काढता येते. धुतलेला टी-शर्ट कोरड्या पंचावर पसरावा, पंचासकट गुंडाळावा आणि त्या वळकटीवर गुडघ्याने भार द्यावा. पीळ देऊ नये. नंतर झटकून, छताच्या दांडीवर दोन कपड्यांत वीतभर अंतर ठेवून, पंख्याखाली टांगावा. सुती बनियन दोन दिवस ओले राहते त्याच खोलीत हा टी-शर्ट रात्रीत वाळतो. ऊन असेल तेव्हा सुती कपडे खुशाल उन्हात घालावेत. इलास्टेनच्या कपड्यांना सकाळचे कोवळे ऊन चालेल, दुपारचे नको.

नातवाच्या ज्या टी-शर्टाचा वास काही केल्या जात नाही असे आपण लिहिले आहे, त्यासाठी सोडियम परकार्बोनेट असलेली डाग काढायची पावडर, म्हणजे क्लोरीन नसलेले ब्लीच, सुमारे 40 अंश गरम पाण्यात विरघळवून त्यात तो तासभर बुडवून ठेवावा, रंग जातो का हे आधी आतल्या शिवणीवर पाहून घ्यावे, आणि नंतर नेहमीसारखा धुवावा. दोनदा असे करूनही अंगाच्या उबेने वास परत आला तर त्याचा नाद सोडावा. पुसण्याला घेण्याचा विचारही करू नये. पॉलिएस्टर पाणी टिपत नसल्यामुळे त्याचे फडकेसुद्धा धड होत नाही.