सोड्यातला गॅस म्हणून विहिरीत उतरू नका

काल रात्री मामांनी एक मेसेज फॉरवर्ड केला. "सुरुंग विसरा, आता लिक्विड सीओटूने खडक फोडा. बारूद नाही, लायसन्स नाही, हादरा नाही. सोड्यातलाच गॅस, विषारी नाही, फोडला की लगेच खाली उतरा. नळी गावातच बनवून घ्या." खाली विचारलंय, आपल्या विहिरीला लावू का? माझी झोपच उडाली, त्या विहिरीत उतरणारी चारही माणसं माझ्या ओळखीची आहेत.

"लगेच उतरा" हे आधी घेतो, कारण माणूस यानेच मरेल. हा गॅस, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, हवेपेक्षा दीडपट जड, तळाला बसतो. मामांची विहीर १५ फूट रुंद, ४० फूट खोल, म्हणजे साधारण २०० घनमीटर हवा. समजा खडकात भोकं पाडून दोन-दोन किलो द्रव सीओटू भरलेल्या दहा नळ्या उडवल्या, तर झाला ११ घनमीटर गॅस. तो सगळा आत राहिला आणि वरपर्यंत सारखा मिसळला तरी साडेपाच टक्के, आणि तसा तो मिसळत नाही, खाली त्याहून जास्त साठतो. कामगारांच्या सुरक्षेवर काम करणाऱ्या अमेरिकेच्या नायॉश संस्थेने ४ टक्क्यांनाच जिवाला तातडीचा धोका धरलाय. मामा म्हणतात, कंदील सोडून बघू. अहो मामा, कंदील विझतो ऑक्सिजन फार कमी झाला की. साडेपाच टक्के गॅस असताना ऑक्सिजन २० टक्क्यांच्या जवळच असतो, कंदील जळत राहील आणि माणूस धाप लागून, चक्कर येऊन पडेल. मग त्याला काढायला दुसरा उतरणार.

बारूद नाही म्हणे. नळीत हीटर असतो, त्यात ऑक्सिडायझर (ऑक्सिजन पुरवणारं रसायन) आणि इंधनाचं मिश्रण, ते पेटलं की आतला गॅस तापून दाब चढतो आणि टोकाची पोलादी चकती फाटते. दाब किती झाल्यावर फाटायचं ते चकतीवर ठरतं, नळीही तो दाब सोसेल अशा खास पोलादाची लागते. गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून पाइप कापून आणायची वस्तू नाही ही. ३१ अंशांच्या वर तर सीओटू द्रव राहतच नाही, मे महिन्यात भरलेली नळी बांधावर उन्हात ठेवली तर दाब चढतच जाणार. आणि भोकात नीट ठासली नाही तर अख्खी नळी उडून बाहेर येते.

लायसन्सचं म्हणाल तर भरलेल्या सिलिंडरला गॅस सिलिंडर नियम २०१६ आहेत, स्फोटकं आणि गॅस सिलिंडरवर देखरेख ठेवणाऱ्या पेसो या केंद्र सरकारच्या संस्थेचं मुख्य ऑफिस नागपूरलाच आहे, विचारा तिथे.

हादरा जिलेटिनपेक्षा कमी बसतो, हे मान्य करावं लागेल. बाहेर ज्वाळा येत नाही म्हणून परदेशात कोळशाच्या खाणीत ही पद्धत वापरली गेली, पण ती शिकलेल्या माणसांच्या हातात.

मामांना सकाळी फोन केला. ब्लोअर आणि सीओटू मोजायचा मीटर आल्याशिवाय कुणी खाली उतरणार नाही, एवढं त्यांच्याकडून कबूल करून घेतलंय.