तुमचं वाजलं की माझं?

हर्नियाच्या शस्त्रक्रियेनंतरची पहिली रात्र मला देखरेखीच्या खोलीत काढावी लागली. उशाशी मॉनिटर, उजव्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा आणि त्याच हाताच्या बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा, असा माझा सरंजाम होता. दर पंधरा मिनिटांनी पट्टा घरघरत फुगे, दंड पिळून काढी आणि मग हळूहळू हवा सोडत, रक्तवाहिनीच्या ठोक्यांनी त्यात उठणारी स्पंदने चाचपून आकडा पडद्यावर मांडी. वरच्या दाबाची मर्यादा १६० ठरवलेली होती. माझा पहिलाच आकडा १६४ आला आणि यंत्राने टाहो फोडला.

ज्याचा रक्तदाब वाढला आहे त्याच्याच कानाशी भोंगा वाजवावा, ही कल्पना ज्याला सुचली त्याला कोणी कधी या खाटेवर निजवले नसावे. भोंग्याने मी दचकलो, दचकल्यामुळे पुढचा आकडा १७१ झाला आणि भोंगा पुन्हा वाजला. सिस्टर आल्या, त्यांनी बटण दाबून आवाज दोन मिनिटांपुरता बंद केला आणि "काका, मोजताना हात हलवू नका, बोलू नका, पायावर पाय टाकू नका, बीपी वाढतं," असे बजावून त्या गेल्या. तेव्हापासून मी प्रत्येक पंधराव्या मिनिटाची वाट शवासनात पाहू लागलो, आणि वाट पाहण्यानेही दाब वाढतो हे मला पडद्यावरून कळत गेले.

त्यात चिमट्याची भर. पट्टा आवळला की बोटाकडे जाणारे रक्त अडे, चिमट्याला नाडी सापडेनाशी होई आणि तोही आपला निराळा सूर लावी. शेजारच्या खाटेवरचे आजोबा दर वेळी अंधारातून विचारीत, "तुमचं वाजलं की माझं?" मी "माझं" म्हटले की ते समाधानाने डोळे मिटत.

पहाटे एका ज्येष्ठ सिस्टरांनी माझ्या दंडाकडे नुसते पाहिले आणि पट्टा लहान असल्याचे सांगितले. इटलीच्या डॉक्टर रिव्हा-रोची यांनी १८९६ साली बनवलेला पट्टाही असाच अरुंद होता आणि तो दाब वाढवून दाखवी. १९०१ साली जर्मन डॉक्टर रेकलिंगहाउझेन यांनी तो रुंद केला. ती सुधारणा पुरणपोळीवर पोसलेल्या माझ्या दंडापर्यंत पोहोचायला सव्वाशे वर्षे लागली. मोठा पट्टा आला, चिमटा डाव्या हाती गेला, आकडा १३६ झाला आणि खोलीत शांतता पसरली.

माझा डोळा लागतो न लागतो तोच कोणीतरी खांदा हलवला. सलाइनचा स्टँड धरून आजोबा उभे होते.

"बराच वेळ वाजलं नाही," ते म्हणाले, "म्हणून म्हटलं, आहात ना?"