सगळ्यांची घाई, माझा खोळंबा

माझा कॉम्प्युटर रोज दोनदा सुरू होतो. पहिल्यांदा दिसण्यापुरता. पडद्यावर निळंशार तळं येतं, आयकॉन रांगेत उभे राहतात, कोपऱ्यात घड्याळ लागतं. दुसऱ्यांदा वापरण्यापुरता. या दोन मुहूर्तांच्या मधला काळ मोठा विलक्षण असतो. माउस हलतो, पण क्लिकचा काही उपयोग होत नाही. म्हणून माणूस पुन्हा क्लिक करतो. मग जरा जोरात करतो, आधीचं आत ऐकू गेलं नसावं अशा समजुतीनं. आणि आता नाद सोडावा म्हणून मागे रेलावं, तर ब्राउझरच्या खिडक्या एकावर एक धडाधड उघडतात. जितके क्लिक तितक्या.

या मधल्या काळात करायचा एक विधी आहे. डेस्कटॉपवर राइट-क्लिक आणि 'रिफ्रेश'. काही जण थेट एफ-फाइव्ह बडवतात. त्यांच्या कीबोर्डवरचं ते अक्षर पार पुसलेलं असतं. रिफ्रेशनं मेमरी मोकळी होत नाही, प्रोसेसरला तरतरी येत नाही. डेस्कटॉपवरचे आयकॉन तेवढे पुन्हा रेखाटले जातात. म्हणजे आधीच कामानं पिचलेल्या मशीनला आपण आणखी एक काम सांगतो. पण आयकॉन क्षणभर लुकलुकतात आणि आपण काहीतरी केलं असं वाटतं. त्या वेळी तेवढंच हातात असतं, म्हणून मी या विधीची थट्टा करत नाही. मीही करतो.

मशीन हळू झालंय असं घरात बोलून गेलो आणि भाचा खुर्ची ओढून बसला.

"मामा, रॅम किती?"

"चार."

"चार जीबी? अहो मामा, विंडोज ११ ची ती किमान अट आहे. किमान!"

किमान अट म्हणजे काय हे मला त्याच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, कारण १९९५ साली विंडोज ९५ आली तेव्हा तिची किमान अट ४ एमबी मेमरीची होती. चार तेच, एमबीची जीबी झाली, म्हणजे मेमरी हजारपटीहून थोडी जास्तच वाढली. किमान अटीवर मशीन तेव्हाही रखडत चालायचं आणि आताही रखडत चालतं. त्याच १९९५ साली पास्कल ही भाषा घडवणारे निक्लाउस विर्थ लिहून गेले की हार्डवेअर ज्या वेगानं जलद होतं, त्याहून जास्त वेगानं सॉफ्टवेअर मंद होत जातं. हे मी भाच्याला सांगितलं. तो म्हणाला, "ते ठीक आहे, पण रॅम वाढवा."

ऑफिसातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचं निदान वेगळं होतं. त्यांनी मशीनमध्ये काय काय चालू आहे ते दाखवणारा टास्क मॅनेजर उघडला. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबले की तो उघडतो, आणि हे ज्याला माहीत असतं तो ऑफिसात तज्ज्ञ ठरतो. त्यांनी यादीवरून बोट फिरवलं आणि एका नावावर रोवलं. "हा बघा चोर! सिस्टीम आयडल प्रोसेस. ९७ टक्के प्रोसेसर एकटा खातोय. मारून टाका याला."

आता हा आयडल प्रोसेस म्हणजे प्रोसेसरचा रिकामा वेळ. तो ९७ टक्के आहे याचा अर्थ प्रोसेसर ९७ टक्के वेळ बसून आहे. त्याला मारायचं म्हटलं तरी विंडोज मारू देत नाही, आणि मारून त्या रिकामपणाचं करणार काय? हे मी साहेबांना समजावलं. काहीही न करणाऱ्यानं ९७ टक्के जागा व्यापलीये याचं त्यांना फारसं नवल वाटलं नाही. त्यांची नोकरी तीस वर्षांची आहे.

मला मात्र वाटलं. मी इथे ताटकळत बसलोय आणि प्रोसेसर तिकडे रिकामा? मग घोडं पेंड कुठे खातंय? त्याच खिडकीतल्या दुसऱ्या पानावर उत्तर होतं. 'डिस्क' शंभर टक्के. माझ्या मशीनमध्ये जुनी फिरती हार्ड डिस्क होती, मिनिटाला ५४०० फेऱ्यांची. ऐकायला जोरदार वाटतं. पण माहितीचा तुकडा वाचायचा तर आधी तिचा दांडा त्या जागी सरकतो, मग चकती फिरत फिरत नेमका तो तुकडा दांड्याखाली येईपर्यंत थांबावं लागतं. विखुरलेले तुकडे वेचायचे असतील तर सेकंदाला शंभरसुद्धा धड होत नाहीत. म्हणजे डिस्क दांडा सरकवतेय, प्रोसेसर डिस्कची वाट बघतोय आणि मी प्रोसेसरची.

आणि डिस्ककडे एवढं मागतंय कोण? टास्क मॅनेजरमध्ये 'स्टार्टअप' नावाचं एक पान आहे. ते मी उघडलं आणि माझ्याच मशीनमध्ये माझ्या नकळत केवढी वस्ती झालीये ते कळलं. एक अपडेटर. दुसरा अपडेटर. पहिल्या अपडेटरला अपडेट करणारा तिसरा. कुणाचा 'हेल्पर', कुणाचा 'लाँचर', कुणाचा 'असिस्टंट'. एक व्हिडिओ कॉलचं सॉफ्टवेअर, जे मी एका मीटिंगसाठी घेतलं होतं आणि ती मीटिंगही पुढे ढकलली गेली होती. प्रत्येकाच्या नावापुढे 'स्टार्टअप इम्पॅक्ट' असा शेरा, आणि बहुतेकांचा 'हाय'.

ही मंडळी तिथे का बसली आहेत? तर वेगासाठी! प्रत्येक प्रोग्रॅम बनवणाऱ्याला वाटतं की माणसानं आयकॉनवर क्लिक केलं की आपला प्रोग्रॅम झटकन उघडावा. झटकन उघडायचं तर तो अर्धा आधीच उघडून ठेवलेला बरा. म्हणून मशीन सुरू होताच तो स्वतःला मेमरीत आणून बसवतो. एकेकाचा हिशोब घेतला तर कुणाचंच चुकत नाही. पण एकाच दारातून सगळेच आधी शिरायला बघतात तेव्हा दार कितीही रुंद असलं तरी खांद्याला खांदे अडकून बसतात, आणि ज्याचं घर तो मागे उभा राहतो. मी एकेकाला 'डिसेबल' केलं. त्यातले काही पुढच्या अपडेटबरोबर परत आले, जुने हिशोब बाकी असल्यासारखे.

वेग विकणाऱ्या सॉफ्टवेअरचा एक निराळाच संप्रदाय आहे. त्यांची नावं ऐकूनच पंखा जोरात फिरू लागतो: बूस्टर, टर्बो, क्लीनर, ऑप्टिमायझर. ते आधी तपासणी करतात आणि मोठ्या लाल आकड्यात रजिस्ट्रीमधल्या चुका दाखवतात. चुका दाखवणं फुकट, काढणं पैसे भरून. रजिस्ट्री म्हणजे विंडोजची सेटिंगं ठेवण्याची वही. काढून टाकलेल्या प्रोग्रॅमच्या चार नोंदी तिच्यात उरल्या म्हणून मशीन काही लंगडत नाही, पण साफसफाईच्या भरात नको ती नोंद उडाली तर मात्र मुळावर येतं. असली सफाईची साधनं वापरण्याला मायक्रोसॉफ्टचा स्वतःचाही पाठिंबा नाही. मेमरी मोकळी करणारे तर आणखी हुशार. वापरात असलेला मजकूर ते मेमरीतून हुसकावून डिस्कवर नेऊन टाकतात. आकडा गोजिरा दिसतो: इतकी मेमरी मोकळी! मग तोच मजकूर लागला की पुन्हा त्या ५४०० फेऱ्यांच्या चकतीपाशी रांग. मोकळ्या मेमरीचं लोणचं घालायचं नसतं; ती भरलेली असली तरच कामाची. आणि या बूस्टरची पहिली मागणी काय असते? मशीन सुरू होताच आपणही सुरू व्हायचं. आजार रेड्याला आणि औषध पखालीला, त्यात वैद्यही रेड्यावरच स्वार.

काही घरगुती उपायही फिरत असतात. 'प्रीफेच' नावाचा फोल्डर रिकामा करा, हा त्यातला लाडका. कोणता प्रोग्रॅम उघडताना कुठल्या फायली लागतात याची टिपणं विंडोज त्यात ठेवते, पुढच्या वेळी लवकर उघडता यावं म्हणून. ती फाडून टाकायची आणि वेगाची वाट बघायची. दुसरा उपाय: एमएसकॉन्फिग या विंडोजच्या सेटिंगांच्या खिडकीत जाऊन प्रोसेसरची संख्या निवडा. न निवडता विंडोज सगळेच प्रोसेसर वापरते. तो चौकोन त्यांना कमी करण्यासाठी आहे.

मला खरी गंमत वाटली ती 'शट डाउन'ची. मी शिस्तीचा माणूस. रोज रात्री मशीन बंद करून झोपतो. तरी टास्क मॅनेजरमध्ये 'अप टाइम'पुढे कित्येक दिवस दाखवत होते. म्हणजे मशीनच्या हिशोबी ते मधे कधी झोपलंच नव्हतं! २०१२ साली विंडोज ८ बरोबर 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आली. ती चालू असली की शट डाउन करताना आपले प्रोग्रॅम बंद होतात, पण सिस्टीमचा गाभा आणि ड्रायव्हर, म्हणजे जोडलेली उपकरणं चालवणारे प्रोग्रॅम, जसेच्या तसे डिस्कवर लिहून ठेवले जातात. सकाळी तेच वाचून उठायचं. उठणं लवकर होतं हे खरं, पण कालचा एखादा अडकलेला ड्रायव्हर आजही तसाच अडकलेला उठतो. पाटी कोरी करायची असेल तर 'रीस्टार्ट' म्हणावं लागतं. बंद केलं तर बंद होत नाही आणि पुन्हा सुरू कर म्हटलं तर आधी पूर्ण बंद होतं. हे भाच्याला सांगितल्यावर तो म्हणाला, "हे सगळ्यांना माहीत आहे, मामा." सगळ्यांना म्हणजे कुणाला, हे विचारायचं राहून गेलं.

आता ब्राउझर. कॉम्प्युटर म्हणून आपण जे वापरतो त्यातलं बरंचसं आजकाल ब्राउझरच असतं, बाकीचं मशीन त्याला टेकू द्यायला. २००८ साली क्रोम आला तो टॅबसाठी वेगवेगळे प्रोसेस घेऊन. एक पान कोसळलं तर बाकीची उभी राहावीत, हा हेतू. त्याआधी एक पान रुसलं की अख्खा ब्राउझर आडवा व्हायचा. ते दिवस पाहिलेल्यांना ही सोय स्वर्गीय वाटली. मग २०१८ च्या जानेवारीत प्रोसेसरमधली स्पेक्टर नावाची खोट जाहीर झाली, आणि एका साइटनं दुसरीच्या मेमरीत डोकावू नये म्हणून क्रोमनं त्याच वर्षी साइटगणिक भिंती घातल्या. भिंतींनाही जागा लागते. मेमरी दहा टक्क्यांच्या आसपास आणखी गेली. सुरक्षिततेसाठी मोजलेल्या या किमतीबद्दल माझी तक्रार नाही. माझी तक्रार टॅबांबद्दल आहे, आणि ते मीच उघडलेले आहेत.

टॅब म्हणजे वाचण्याचा संकल्प. बंद करायचा तर संकल्प मोडल्यासारखं होतं, म्हणून तो राहतो. हळूहळू त्यांची नावं आखडत जातात, मग नुसतं चिन्ह उरतं, मग तेही अर्धं. ब्राउझरचा स्वतःचाही टास्क मॅनेजर असतो. क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप दाबलं की कोणता टॅब किती मेमरी धरून बसलाय ते दिसतं. मी पाहिलं, तर सगळ्यांत वर, छातीठोकपणे, 'कॉम्प्युटर फास्ट करण्याचे दहा सोपे उपाय' हा लेख! लेख दोन पानांचा. पण त्याच्या कोपऱ्यात आपोआप वाजणारा व्हिडिओ, बाजूनं सरकणाऱ्या जाहिराती, खालून कुकींची परवानगी, वरून 'आमच्या सूचना मिळवा' ही विनंती. दहापैकी सातवा उपाय 'नको असलेले टॅब बंद करा' हा होता. मी तो लगेच अमलात आणला आणि उरलेले तीन उपाय कायमचे गेले.

पहिल्या सहांत 'कॅशे साफ करा' होतं. एकदा आलेली चित्रं, अक्षरांचे साचे आणि कोडचे तुकडे पुन्हा मागवायला लागू नयेत म्हणून ब्राउझर ते जवळ ठेवतो, तो कॅशे. एखादं पान बिघडलेलं दिसत असेल तर तो पुसावा, जरूर पुसावा. पण वेगासाठी पुसला की पुढच्या फेरीला सगळी पानं पहिल्यापासून मागवली जातात. त्याच खिडकीत 'कुकी' या शब्दावरही टिक राहिली असेल तर प्रत्येक साइट आपण कोण म्हणून विचारते. मग पासवर्ड आठवण्यात जी संध्याकाळ जाते तिचा हिशोब कुठल्याच वेगात धरलेला नसतो.

एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडलेली छोटी जोडसॉफ्टवेअरं, काढली तेव्हा मात्र खरा फरक पडला. बरीचशी एक्स्टेन्शन आपण उघडू त्या प्रत्येक पानात शिरून ते वाचतात. माझ्याकडे कूपन शोधणारं होतं, व्याकरण तपासणारं होतं आणि पानाचा रंग काळा करणारी दोन होती. एकानं काळं केलेलं दुसरं पुन्हा काळं करत असावं. 'ब्राउझर बंद केल्यावरही मागे चालू ठेवा' ही टिकही काढली. जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन तेवढं ठेवलं. घरातला तो एकच सदस्य काम कमी करतो.

शेवटी भाच्यानं हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली आणि रॅमही दुप्पट केली. एसएसडीत ना चकती, ना दांडा. विखुरलेले तुकडे ती सेकंदाला हजारोंनी वेचते. ज्येष्ठ सहकारी म्हणाले, आता महिन्याला डीफ्रॅग करत जा, म्हणजे विखुरलेले तुकडे सलग लावत जा. मी मान हलवली. चकतीच नाही तर दांड्याचा हेलपाटा वाचवायचा कुणाचा, हे त्यांना सांगितलं असतं तर त्यांनी पुन्हा टास्क मॅनेजर उघडला असता.

मशीन आता पळतं. म्हणून उत्साहानं नव्या प्रिंटरचं सॉफ्टवेअर टाकायला घेतलं. छापायला जेवढं लागतं त्याच्या कितीतरी पट सामान त्यात होतं. फोटो सजवणारा एक, शाई संपत आल्याचं सांगणारा एक आणि शाई विकत घ्यायला मदत करणारा एक. शेवटच्या खिडकीत एक छोटा चौकोन, आधीच टिक केलेला: 'अधिक जलद अनुभवासाठी कॉम्प्युटर सुरू होताच सुरू करा.' मी टिक काढली, दोनदा वाचून खात्री केली आणि 'फिनिश' दाबलं. दुसऱ्या दिवशी स्टार्टअपचं पान उघडलं, तर हे महाशय यादीत सगळ्यांत वर. 'एनेबल्ड'. इम्पॅक्ट 'हाय'. प्रिंटर अजून खोक्यातून बाहेर काढायचा होता.