टॅटूला कारण द्यावंच लागतं का?

माझ्या डाव्या हातावर, आतल्या बाजूला, मनगटापासून कोपराच्या दिशेने पंधरा सेंटिमीटरची मोजपट्टी गोंदलेली आहे. म्हणजे नुसत्या रेघा आणि आकडे, काळ्या शाईत. शून्य मनगटाशी, आणि आकड्यांची तोंडं माझ्याकडे, मला वाचता येतील अशी. फूल नाही, पाखरू नाही, कुणाचं नाव नाही, कुठली तारीख नाही.

बघणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला: "याचा अर्थ काय?"

मी खरं ते सांगते. मोजपट्टीवरच्या रेघा मला फार आवडतात. आखूड, लांब, आखूड, लांब, आणि शेजारी ओळीने चाललेले आकडे. शाळेत असल्यापासून आवडतात. त्या रोज नजरेसमोर असाव्यात असं वाटलं, म्हणून काढून घेतल्या.

एवढ्यावर कुणाचं समाधान होत नाही. "अगं पण काहीतरी असेलच की!" मग अंदाज सुरू होतात. शिवणकाम करतेस का? वडील सुतार होते का? आयुष्य मोजून जगायचं, असं काही आहे का? मी प्रत्येकाला नाही म्हणत जाते, तसतसा समोरच्याचा चेहरा उतरत जातो, आणि शेवटी येतं ते ऐकून ऐकून पाठ झालंय: "मग उगाच कशाला एवढं दुखवून घेतलंस?"

त्या 'उगाच'बद्दल मला आज लिहायचंय.

मागे एका घरगुती कार्यक्रमात ओळखीतल्या एका बाईंनी माझा हात धरून (न विचारता, लोक टॅटू दिसला की सरळ हात धरतात, वर अंगठ्याने घासूनही बघतात, आणि मला ते अजिबात चालत नाही) नेहमीची उलटतपासणी घेतली. माझं उत्तर त्यांना पटलं नाही. "हल्ली कशाचीही फॅशन झालीये," म्हणून त्यांनी विषय संपवला. थोड्या वेळाने त्याच बाईंनी एका मुलाच्या मनगटावरची तारीख बघितली. वडील गेले ती तारीख, तो म्हणाला. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याच्या पाठीवरून हात फिरवून म्हणाल्या, "किती छान केलंस रे."

त्यांचं ते पाणी खरं होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण टॅटू कसा काढलाय, शोभतो का, हे त्यांनी दोघांच्याही हातावर बघितलं नाही. बघितलं ते एवढंच, की मागे दुःख आहे का. दुःख असलं की माफ, नुसती आवड असली की गुन्हा. स्वतःच्या कातडीवर स्वतःला आवडलेली गोष्ट काढायला आधी कुणीतरी जावं लागतं, निदान मोठं आजारपण तरी यावं लागतं, हा हिशेब मला मान्य नाही.

जेवणानंतर तो मुलगा माझ्याशेजारी येऊन बसला. म्हणाला, "ताई, तुमचं बरं आहे. मला दर वेळी बाबा गेल्याचं सांगावं लागतं." रांगेत उभं असताना, नव्या ऑफिसात, केस कापून घेताना. कोणीही विचारतं, आणि त्याला अनोळखी माणसासमोर तो दिवस पुन्हा उघडावा लागतो. आताशा तो घड्याळ लावतो त्यावर. हे ऐकल्यापासून माझं मत जास्तच पक्कं झालं. अर्थ विचारण्याचा त्रास ज्यांच्या टॅटूला अर्थ नाही त्यांना होतो, आणि ज्यांच्या टॅटूला खूप अर्थ आहे त्यांना त्याहून जास्त होतो. स्तनाच्या कर्करोगात स्तन काढावा लागलेल्या कितीतरी बायका नंतर तिथे टॅटू करून घेतात. काही जणी रंगछटांनी हुबेहूब स्तनाग्र काढून घेतात, काही जणी व्रणावरून वेल नेतात. त्या वेलीचं एखादं पान ब्लाउजच्या गळ्यातून दिसलं, तर त्या बाईने का म्हणून कुणाला सगळं सांगत बसावं?

'निरर्थक रेघा' म्हणणाऱ्यांना मी ओट्झीबद्दल सांगते. आल्प्समध्ये 1991 साली बर्फात सापडलेला, सुमारे 5300 वर्षांपूर्वीचा माणूस. त्याच्या अंगावर 61 टॅटू आहेत आणि त्यांत एकही चित्र नाही. नुसत्या आखूड समांतर रेघा आणि काही फुल्या, काजळीच्या काळ्या रंगात. बरेचसे कंबर, गुडघे, घोटे अशा दुखऱ्या जागी आहेत, म्हणून ते उपचार असावेत असा अनेक अभ्यासकांचा कयास आहे. पण छातीवरही रेघा आहेतच. त्याला विचारायची सोय नाही, आणि तरी सगळं जग त्या रेघा आदराने बघतं.

बरं, आवडीने केलेली गोष्ट म्हणजे विचार न करता केलेली, असं थोडंच असतं? माझ्या आर्टिस्टने पहिल्याच भेटीत मिलिमीटरच्या रेघा काढायला साफ नकार दिला. शाई वर्षानुवर्षं कातडीत थोडी थोडी पसरते. एवढ्या जवळच्या रेघा पुढे एकमेकींत मिसळून काळा पट्टा होईल, म्हणाली. म्हणून फक्त अर्ध्या आणि पूर्ण सेंटिमीटरच्या रेघा. मग जांभळ्या शाईचं स्टेन्सिल हातावर उमटवलं आणि मला हात फिरवायला सांगितलं. तळवा वर असताना सरळ दिसणारी पट्टी तळवा खाली करताच मनगटाकडे पिळल्यासारखी तिरपी झाली. मनगटाजवळची कातडी हाताबरोबर वळते, कोपराकडची तेवढी वळत नाही. सरळ कुठल्या स्थितीत हवी, ते मला ठरवायचं होतं. मी तळवा वर ठेवून टेबलावर हात टेकला, मी वाचताना असतो तसा, आणि तिने तिथे स्टेन्सिल पुन्हा लावलं. त्यामुळे माझी पट्टी त्या एकाच स्थितीत बरोबर मोजते. "मग उपयोग काय?" असंही विचारून झालंय लोकांचं.

"कायमचं आहे, पस्तावशील" हेही असतंच. कायमचं म्हणजे काय ते मी आधी वाचलं होतं. सुई कातडीच्या वरच्या थराखाली, साधारण एक ते दोन मिलिमीटर जाते. तिथल्या मॅक्रोफेज नावाच्या पेशी शाईचे कण गिळून धरून ठेवतात. त्या मेल्या की कण सुटतात आणि नव्या पेशी ते पुन्हा गिळतात. फ्रान्समधल्या संशोधकांनी 2018 मध्ये हे उंदरांवर दाखवलं. नको झाला तर लेझर आहे, पण अनेक बैठका, खर्च आणि वेदना, आणि पूर्ण जाईलच याची खात्री नाही. हे सगळं माहीत असून मी हो म्हटलं. आणि "आता जन्मभर रक्तदान बंद" म्हणणाऱ्या काकांसाठी: बहुतेक ठिकाणी काही महिने थांबावं लागतं, नियम देशोदेशी वेगळे आहेत, पण जन्मभराची बंदी सहसा नसते.

सगळ्यात सरळ प्रतिक्रिया माझ्या आईची होती. तिने चष्मा लावला, हात उजेडात नेला, पहिल्यापासून शेवटच्या रेघेपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "काम सुबक आहे. मला नाही आवडला." का काढलास, काय अर्थ, लोक काय म्हणतील, एक अक्षर नाही. तिला तो आजही आवडत नाही, आणि आमचं त्यावरून कधी भांडण झालेलं नाही. खुशाल म्हणा की आवडला नाही. सात आणि आठच्या मधली रेघ जरा जाड झालीये, तेही म्हणा; झालीच आहे. फक्त हात धरायच्या आधी विचारा, आणि मी "आवडतं म्हणून" म्हटलं की ते उत्तर पूर्ण आहे असं धरून चला.